गर्टरूड घरी आहे का?

लेकवूड, कॅलिफोर्निया
१३ ऑक्टोबर १९५७

प्रिय आई,

तुझ्या बटाट्याच्या लेफ्सा-पोळ्या पोचल्या, बुरशीसकट. लिओने वरचा हिरवा भाग खरवडला, लोणी-साखर लावून सगळ्या फस्त केल्या आणि म्हणाला, "तुझी आई मला विष घालतेय, पण चव राखून घालतेय." मी एकच खाल्ली. बटाटा भाजल्याचा तो वास नाकात गेला आणि दुसरी लिओकडे सरकवली. पुन्हा पाठवू नकोस. नाही, पाठव.

इथलं सगळं ठीक आहे. रस्त्यावरची सगळी घरं इतकी सारखी आहेत, की परवा लिओ कारखान्यातून आला तो सरळ शेजारच्या बर्निसच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला आणि "आज काय जेवायला?" म्हणाला. तिने वाढलं पण. अंडी इथे पंचावन्न सेंट डझन आहेत. तुला दूध-अंडी विकत घेणाऱ्या क्रीमरीत अठ्ठावीस मिळतात ना? मधले कोण खातं, ते बाबांना विचारलं असतंस, तर तासभर बोलले असते. हप्त्यावर टेलिव्हिजन घेतलाय. संध्याकाळी काचेच्या खोलीत उभा राहून एक माणूस प्रश्नांची उत्तरं देतो, घाम पुसतो आणि हजारो डॉलर जिंकतो. अख्खी गल्ली आमच्याकडे बघायला येते.

रशियनांनी तो कृत्रिम चंद्र आकाशात सोडला, त्या आठवड्यात सगळे अंगणात येऊन वर बघत होते. मीही बघितलं. दिसलं काही नाही. पण मनात आलं, तो आपल्या गोठ्यावरूनही जात असेल आणि बाबाही मान वर करून बघत असतील. दीड वर्षात आम्ही दोघांनी एकाच गोष्टीकडे बघितलं असेल, तर रशियनांचे उपकारच म्हणायचे.

आता नीट वाच. बर्निसने मला एक युक्ती शिकवलीय. लांबचा फोन लावताना ऑपरेटरला सांगायचं, मला अमुक एकाच माणसाशी बोलायचंय. तो माणूस घरी नसला, तर पैसे पडत नाहीत. म्हणजे ऑपरेटर विचारणार, तू "नाही" म्हणणार, तेवढा तुझा आवाज मला फुकटात ऐकायला मिळणार आणि इथे सगळं ठीक आहे, हे तुला कळणार. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, तुमचे दुपारचे तीन वाजता. बाबा तेव्हा जेवून, तोंडावर वर्तमानपत्र टाकून झोपलेले असतात.

नाव मी ठरवलंय. तू खोटं बोललीस की तुझी मान लाल होते. म्हणून मी गर्टरूडला विचारणार. ती घरात नाही, हे तू देवाला साक्षी ठेवून सांगू शकतेस.

बाबा काही म्हणाले का?

तुझी,
मार्लिस

*

नॉर्ब्रूक, मिनेसोटा
४ नोव्हेंबर १९५७

प्रिय मार्लिस,

तू माझ्याकडून काय काय करून घेतेस! काल तीन वाजता दोन लांब आणि एक आखूड, आपली घंटी वाजली. माझे हात पिठात. ऑपरेटर बाई अगदी इस्त्री केलेल्या आवाजात म्हणाली, "लेकवूडहून फोन आहे. मिस गर्टरूड नायगार्ड आहेत का?" मिस! आपल्या गायीला आयुष्यात कुणी मिस म्हटलं नव्हतं. मी म्हणाले, "नाही हो, ती कुरणात गेलीय." बाईने विचारलं, "कधी परततील?" मी म्हणाले, "दूध काढायच्या वेळेला." आणि मागून तुझं हसू ऐकू आलं. फोन ठेवला आणि पिठाच्या हातांनीच डोळे पुसले. दिवसभर चेहऱ्यावर पीठ होतं, पण कुणी काही म्हणालं नाही.

एक अडचण आहे. आपल्या तारेवर आठ घरं आहेत, हे तू विसरलीस की काय? घंटी आपली असली तरी कान सगळ्यांचे. जितके जण उचलतात, तितका आवाज बारीक होतो. तुझं हसू मला विहिरीच्या तळातून आल्यासारखं ऐकू आलं, म्हणजे आठही घरं हजर होती. आज सकाळी सेल्मा ब्रॅटवोल्ड अंडी मोजता मोजता म्हणाली, "थोरा, गर्टरूडला कॅलिफोर्नियात ओळखीचं कोण गं?" मग स्वतःच म्हणाली, "तुझ्या हाल्वरला माझ्याकडून कळायचं नाही." सेल्मा आणि पोटात गोष्ट ठेवणार! पण बघू.

पहिल्यांदा मला पाप केल्यासारखं वाटलं. मग म्हटलं, कंपनीची बाई विचारते, मी खरं तेच सांगते. बर्फ पडला की गाय गोठ्यात असेल. गोठा म्हणजे घर नव्हे.

बाबा काही म्हणाले का, विचारतेस. मी तुला खोटं सांगणार नाही. आपलं चर्च सोडून कॅथलिकांच्या चर्चमध्ये लग्न लावलंस, त्या दिवशी "कॅलिफोर्नियात माझी कुणी मुलगी नाही" म्हणाले, ते शब्द त्यांनी परत घेतलेले नाहीत. हट्टी माणूस आहे. स्वतःच्या शब्दाचा कैदी. पण काल रेडिओवर सांगितलं, की रशियनांनी आता एक कुत्री वर पाठवलीय. ते म्हणाले, "परत आणायची सोय नव्हती, तर पाठवली कशाला?" मग बराच वेळ खिडकीपाशी उभे होते.

आणि एक गोष्ट. फोन वाजला तेव्हा बाहेरच्या खोलीतलं घोरणं थांबलं. मी फोन ठेवल्यावर पुन्हा सुरू झालं. असेल योगायोग.

लोकरीचे मोजे पाठवतेय. तिथे थंडी नाही, ठाऊक आहे. तरी घाल.

आई

*

लेकवूड
८ एप्रिल १९५८

प्रिय आई,

परवा ईस्टरला तुझा आवाज ऐकला. "ती गोठ्यात आहे, तिचे पाय चिखलात आहेत," म्हणालीस आणि माझे पाय थेट त्या चिखलात गेले. इथे चिखल नाही. झाडाला संत्री लागलेली असतात आणि कुणी बघतसुद्धा नाही. बर्फच नाही, तर वितळण्याची वाट कशाची बघायची? मला इथे वसंत ऋतू ओळखताच येत नाही, कॅलेंडर बघावं लागतं.

लिओची पाळी बदललीय, आता दिवसा घरी असतो. शनिवारी आम्ही मोटारीत बसून सिनेमा बघायला गेलो. मोटारीचा एक डॉलर, आत कितीही माणसं कोंबा. बर्निसचं कुटुंब, आम्ही आणि मागच्या फटीत तिची सासू. पडद्यावर घोडे धावत होते आणि ती म्हातारी खालून ओरडत होती, "कोण मेलं? मला सांगा, कोण मेलं?"

बातमी शेवटी ठेवली होती. नोव्हेंबरात बाळ येणार आहे.

बाबांना सांग. जेवताना नको, जेवण टाकतील. वासरू जन्मलं की त्यांचा चेहरा उजळतो, तेव्हा सांग.

गर्टरूड व्याली का या वर्षी? मला ती अजून तशीच दिसते, जत्रेतल्या पहिल्या बक्षिसाची निळी फीत कपाळावर आणि माझ्या मागून चालणारी. बारा वर्षांची होते मी. बाबांनी दोरी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आजपासून ही तुझी. मेली तरी तुझी, जगली तरी तुझी."

तुझी,
मार्लिस

*

नॉर्ब्रूक
४ ऑगस्ट १९५८

प्रिय मार्लिस,

शुक्रवारपासून तिकीट चार सेंटचं झालं. पोस्टमास्तरने माझ्याकडून जास्तीचा सेंट घेतला तो असा, जणू मीच भाव वाढवला. म्हणून आता पत्र लांब लिहायचं ठरवलंय, पैसे वसूल करायचे.

पहिलं म्हणजे तुझी फजिती. लिओची नोकरी गेली ना? "पाळी बदललीय" म्हणे! गेल्या तीन पत्रांत तू एकही वस्तू विकत घेतली नाहीस. आधी पडदे, मिक्सर, टोस्टर, नुसता बाजार असायचा. मग एकदम संत्री आणि आकाश. पोरी, मी तुझी आई आहे. डबा पाठवलाय, त्यात डुकराचं मीठ लावलेलं मांस आहे, जॅम आहे आणि बाळासाठी लोकरीचं पांघरूण.

बाळाचं त्यांना मी मे महिन्यातच सांगितलं, वासरू झालं त्या सकाळी. हात बादलीत होते. धुवत राहिले, धुवत राहिले, स्वच्छ झाले तरी धुवत राहिले. मी आणखी काय सांगू?

गर्टरूड या वर्षी व्याली नाही. दूध आटलं. मंगळवारी जनावरांचा व्यापारी आला होता, तिच्या पाठीवर हात फिरवून वजनाचा अंदाज घेऊन गेला. निरुपयोगी जनावर तुझ्या बाबांनी आजवर एक हिवाळाही पोसलेलं नाही, तुला ठाऊकच आहे. मी मध्ये पडले नाही.

इथे मक्याला पाऊस हवाय. माझं पोट अधूनमधून दुखतं, सेल्माच्या कोबीमुळे असणार.

आई

*

लेकवूड
८ सप्टेंबर १९५८

प्रिय आई,

विकली ना?

काल ऑपरेटरने विचारलं आणि तू नुसतं "ती इथे नाही" म्हणालीस. कुरण नाही, गोठा नाही, चिखल नाही. आवाजही कसातरी होता. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसले, या पोटाने बसता येतं तेवढी. लिओ घाबरला. "काय झालं?" मी म्हणाले, "गाय विकली." बिचारा म्हणाला, "आपण दुसरी घेऊ." भाड्याच्या घरात, हप्ते थकलेले असताना!

हो, नोकरी गेली. फेब्रुवारीतच. कारखान्याने शेकडो माणसं काढली. आता तो पेट्रोलपंपावर काचा पुसतो. टेलिव्हिजन परत नेला त्यांनी. तुला सांगितलं नाही, कारण बाबांना कळलं असतं आणि ते म्हणाले असते, "बघा, मी सांगितलं होतं."

आई, मला गायीचं दुःख नाही. म्हणजे आहेच. पण मी मनाशी एक धरून बसले होते. जोवर गर्टरूड त्या गोठ्यात उभी आहे, तोवर तिथे माझं काहीतरी आहे. बाबा माझं नाव घेत नसतील, पण रोज दोनदा माझ्या गायीला चारा तर घालतात. आता तेही नाही. मग मी दर महिन्याला कुणाला विचारत बसू?

पुढच्या महिन्यात फोन करणार नाही. बाळ झालं की करीन.

मार्लिस

*

नॉर्ब्रूक
२९ सप्टेंबर १९५८

वेडे पोरी,

गाय आहे! गोठ्यात उभी आहे आणि फुकटचं खातेय. माझा घसा बसला होता, म्हणून थोडक्यात बोलले. एवढ्यावरून तू जमिनीवर बसलीस?

मीच चुकले. व्यापाऱ्याचं अर्धंच लिहिलं, कारण उरलेलं मलाही ठाऊक नव्हतं. काल चर्चच्या तळघरात कॉफी पिताना सेल्माच्या नवऱ्याने सांगितलं. तो तेव्हा तिथे होता. व्यापाऱ्याने भाव सांगितला, चांगला सांगितला. तुझे बाबा म्हणाले, "विकता येणार नाही. माझी नाही ती." व्यापारी हसला, "मग कुणाची?" तर फाटक उघडून त्याला म्हणाले, "तुझी गाडी मागे घे, कोंबड्या आहेत."

आता तू काय ते समज.

तुझ्या त्या काचेच्या खोलीतल्या माणसाचं वाचलंस का? उत्तरं म्हणे आधीच सांगितलेली असायची! घामही ठरवून पुसायचे. तुझ्या बाबांनी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाले, "हजार डॉलरसाठी बोललेलं खोटं आणि एका सेंटसाठी बोललेलं खोटं, खोटं ते खोटंच." म्हणताना बघत होते टेलिफोनकडे. माझी मान लाल झाली. मला वाटतं, यांना सगळं माहीत आहे. पहिल्या दिवसापासून.

बाळ झालं की लगेच फोन कर. रविवारच हवा असं नाही. मी फोनपाशीच असेन.

आई

*

लेकवूड
१७ नोव्हेंबर १९५८

प्रिय आई,

हे पत्र दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवतेय, तो मला कुणी दिला ते तुला कळलं असेलच. पित्ताशय! आणि म्हणे सेल्माचा कोबी! मी पाळी बदलल्याचं सांगितलं, तर तू माझी फजिती केलीस. आता तुझी कोण करणार?

काल काय झालं, ते सांगते. तू अजून कुणाकडून ऐकलं असशील तरी माझ्याकडून ऐक.

बाळाला मांडीवर घेऊन मी ऑपरेटरला नाव सांगितलं. घंटी खूप वेळ वाजली. मग कुणीतरी उचललं आणि बोललं नाही. ऑपरेटर म्हणाली, "मिस गर्टरूड नायगार्ड आहेत का?" मला श्वास ऐकू आला. तो श्वास मी ओळखते, आई. चर्चमध्ये शेजारी बसून वीस वर्षं ऐकलाय.

बाबा म्हणाले, "आहे."

ऑपरेटर म्हणाली, "त्यांना फोनवर बोलावता का?"

"यायला जमायचं नाही. गोठ्यात आहे."

"मग त्या नाहीत असं लिहू का, साहेब?"

"बाई, तुम्ही विचारलंत आहे का. आहे. मी नाही कसं म्हणू?" मग घसा खाकरला. "पलीकडे माझी मुलगी आहे. तिला जोडून द्या. पैसे इकडे लावा."

माझी मुलगी, आई. तेच म्हणाले. ऑपरेटरने ऐकलं, तिला साक्षीला बोलाव हवं तर.

जोडलं, पण आवाज इतका बारीक की काही कळेना. "बाबा? बाबा?" मी ओरडत होते. मग ते गोठ्यात हाक मारतात तसे गरजले, "सेल्मा, फोन ठेव. बर्ग, तूसुद्धा. सगळ्यांनी ठेवा. मुलगी लांबून बोलतेय, मला ऐकू येत नाही." आणि आई, टक्. मग टक्, टक्. एकामागून एक. त्या तारेवर असं कधी झालं असेल का गं? प्रत्येक टक् झाल्यावर त्यांचा आवाज थोडा मोठा होत गेला, जणू अंगणातून चालत माझ्याकडे येतायत. शेवटी इतका जवळ आला, की मी मागे वळून बघितलं.

"आता बोल," म्हणाले.

आता काय बोलणार! अडीच वर्षं मी मनात भाषण तयार करत होते, ते बाजूलाच राहिलं. मग त्यांनीच तुझं सांगितलं. "उठून बसते. सूप पिते. तुला कळवू नको म्हणाली होती, पण तू विचारल्यावर मी ती फोनपाशी आहे असं थोडंच म्हणणार." मी म्हणाले, "मी तर गर्टरूडला विचारलं." ते म्हणाले, "हं."

मग मी सांगितलं, मुलगी झाली.

"वजन?"

"सात पौंडाच्या वर."

"दूध पिते?"

"पिते."

"नाव काय?"

"थोरा."

तेवढ्यात ही कन्या जागी झाली आणि तिने सूर लावला. मी फोन बाजूला घ्यायला गेले, तर म्हणाले, "राहू दे. जवळ धर." मी तिच्या तोंडाशी धरला. ती रडत होती, मी रडत होते, लिओ दारात उभा राहून उगाच नाक पुसत होता. ऑपरेटर मध्ये येऊन म्हणाली, "तीन मिनिटं झाली, साहेब." जो माणूस दोरीचे तुकडे जपून ठेवतो, तो काय म्हणाला ठाऊक आहे? "होऊ द्या."

लवकर बरी हो. मला तुमच्याकडे यायचंय. कसं ते माहीत नाही, पण यायचंय.

तुझी,
मार्लिस

*

नॉर्ब्रूक
२४ नोव्हेंबर

मार्लिस,

तुझी आई शनिवारी घरी आली. भिंतीला धरून चालते. स्वयंपाक सेल्मा पाठवते, कोबी परत पाठवला.

सेल्मा सोमवारी केक घेऊन आली. रविवारी तिने ताबडतोब फोन ठेवला, एक शब्द ऐकला नाही, असं शपथेवर म्हणाली. मी विचारलं, बाळाचं वजन किती. सात पौंडाच्या वर म्हणाली.

तू पाठवलेली पत्रं मी वाचलेली नाहीत, असं तुझ्या आईला वाटतं. ती पिठाच्या डब्यामागे ठेवते. वाचली आहेत. हे आधी सांगायला हवं होतं. न सांगणं हेही खोटंच.

मुलगी नसल्याचं ते वाक्य मी बोललो होतो. तेही खोटं होतं. बोललो तेव्हाच ठाऊक होतं.

एप्रिलमध्ये मला गोठ्यावर एक माणूस लागेल. तुझ्या नवऱ्याला दूध काढता येत नसेल, तर शिकवता येईल. गर्टरूड शांत आहे, पण आटलेली आहे, दुसरीवर शिकेल. वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. त्याच्या धर्मात शुक्रवारी मांस चालत नाही, मासे लागतात असं कळलं. तळ्यात मासे आहेत.

पांघरूण पोचलं का, ते तुझी आई विचारतेय.

फोनबद्दल. पुढच्या रविवारी तीन वाजता कर. यापुढे गर्टरूडला विचारू नको, ती गाय आहे. माझं नाव सांग. मी घरी असतो.

बाबा